हरित खरेदीचे महाराज

महाराजांनी बल्ब मुठीत धरला आणि तो भर दुपारी झक्क पेटला. वायर नाही, बटण नाही. आरोग्य केंद्राच्या आवारात बसलेली अख्खी ग्रामसभा उभी राहिली, बायांनी हात जोडले. मी मात्र खुर्चीत चुळबुळत होतो. आता जोडलेले हे हात थोड्या वेळाने ठरावासाठी वर होणार होते.

कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावाला आरोग्य केंद्राच्या विजेसाठी निधी आला होता. सरकारी खरेदी 'हरित' असावी, असं परिपत्रक होतं. केंद्राच्या सिस्टर पंकजाताईंना छपरावर सोलर पॅनेल हवं होतं, लसींच्या फ्रीजसाठी. महाराजांना त्याच पैशात स्वतःची, म्हणे आपोआप वीज देणारी, पेटी खपवायची होती.

"सरकार काय म्हणतंय? हरित! हरि-त!" महाराज गरजले. "म्हंजी हरीच्या ठायी जे हाय तेच घ्या! पत्र्यावर काचा कशाला टाकता? माझी एक हरी-पेटी ठेवा, दवाखाना उजळंल!"

सरपंच आप्पासाहेबांनी मान डोलावली. "बराबर हाय. शासनाच्या कागदावर हरीचं नाव उगीच येईल व्हय?"

"अहो, हरित म्हणजे हिरवं! पर्यावरणाला..." मी उठलो.

"बसा, गुरुजी! तुमाला सगळ्यातच खोट दिसती," मनकर्णाबाई कडाडल्या.

मला संताप आला. गेल्या महिन्यात लाइट गेली, फ्रीज बंद पडला, पंकजाताईंनी लसी बाद केल्या आणि याच बाईंची नात गोवराची लस न घेता परत गेली होती.

पंकजाताई पुढे झाल्या. "महाराज, बल्ब माझ्याकडे द्या."

"साधना नसंल तर पेटायचा न्हाई, बाई."

"नाही पेटला तर तुमच्या पेटीसाठी पहिला हात माझा."

सभेसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. पंकजाताईंनी बल्ब उलटा करून बूड पाहिलं. मग लिंबाला बांधलेल्या मनकर्णाबाईंच्या शेळीजवळ गेल्या आणि ते बूड तिच्या ओल्या नाकाला अलगद टेकवलं.

बल्ब झक्क पेटला.

"शेळीची साधना लई दांडगी हाय की!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सभा हसत सुटली.

"याच्या आत बॅटरी आहे," पंकजाताई म्हणाल्या. "लाइट गेल्यावर चालणारा बल्ब, दुकानात मिळतो. बुडाच्या या दोन ठिपक्यांना काही ओलसर टेकलं, घामट हात म्हणा, शेळीचं नाक म्हणा, की तो लागतो." त्यांनी केंद्रातला साधा बल्ब महाराजांपुढे धरला. "आता हा पेटवा."

"आज ग्रहमान अनुकूल न्हाई," असं पुटपुटत महाराजांनी पेटी उचलली आणि जीप गाठली.

पॅनेलचा ठराव झाला. मनकर्णाबाई तरीही रेंगाळल्या. "सिस्टर, त्या दिशी तुमी तीच लस टोचली असती तर?"

"तुम्हाला कळलंही नसतं, मावशी. बिघडलेली लस दिसायला चांगल्या लसीसारखीच असते. कळतं ते पोर गोवराने फणफणल्यावर."

मनकर्णाबाईंनी नातीला लस टोचायला कधी आणू, ते विचारून घेतलं.

माझ्या जिवाला अजून चैन नाही, कारण जीप शेजारच्या गावाकडे वळताना मी पाहिली. तिथेही निधी आला आहे, तिथेही ग्रामसभा आहे. म्हणून हात जोडून सांगतो, गावाच्या पैशाने काहीही घेण्याआधी ते उलटं करून बघा, दुसऱ्याच्या हातात चालवून बघा. विकणारा नको म्हणाला, तर हात खालीच ठेवा.