उतरलेल्या सेलवरची धून

"लग्नाचं वाजवतोय की मयताचं, तेवढं तरी कळू दे माणसाला," माई माझ्या कानाशी पुटपुटल्या. आम्ही सासू-सुना एका परातीत तांदूळ निवडत होतो. अंबरनाथला बुवापाड्यातल्या आमच्या एवढ्याशा घरात बोललेलं लपत नाही. पण आमचे हे बुलबुलतरंग घेऊन बसले, की त्यांच्या कानांना सुट्टी असते.

बुलबुलतरंग म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेली लाकडी पेटी. एका हाताने बटणं दाबायची, दुसऱ्याने तारा छेडायच्या. हे तिच्यावर जी धून वाजवत, ती मुळात शंभर वादकांच्या ताफ्यासाठी लिहिलेली. साऱ्या जगाला ठाऊक आहे म्हणे, बुवापाडा सोडून. कंपनीत मशीन बसवायला आलेल्या जर्मन साहेबाने जाताना यांना कॅसेट दिली होती. डिसेंबर एक्क्याण्णवला कंपनीला पंचवीस वर्षं होणार, तेव्हा साहेब पुन्हा येणार आणि हे स्टेजवर बसून त्याला त्याच्या देशाची धून ऐकवणार, असं ठरलं होतं. म्हणजे यांनी ठरवलं होतं. ओव्हरटाइमपायी कॅसेट नुसती पडून राहिली. मग मार्चमध्ये कंपनीत टाळेबंदी झाली आणि वेळच वेळ झाला.

"टाळं काय, आज आहे, उद्या निघेल," असं हे म्हणत. आम्ही माना हलवत असू. माझ्या भावाने, चंदूने, उल्हासनगरच्या एका सिंधी शेठकडे यांच्या नोकरीसाठी शब्द टाकला होता. "फंक्शन होऊ दे, मग बघू," हे यांचं उत्तर. एप्रिलपासून तेच. यांच्याच खात्यातले सुदामभाऊ रोज संध्याकाळी येत, काड्यापेटीवर ठेका धरत आणि चहा पिऊन "बसत आली हां," म्हणून जात.

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी आमच्या मीनलने शाळेतल्या नाचाच्या तयारीसाठी टेपमध्ये कोरे सेल घातले आणि बटण दाबलं. आत कॅसेट यांचीच होती. धून अशी काही उधळली, जशी शाळा सुटल्यावर पोरं उधळावीत.

"पप्पा, ही तर फास्ट आहे!"

आमच्याकडे सेल उतरले की फेकत नाहीत, उन्हात ठेवतात. मग आणखी अर्धा तास चालतात. चालतात म्हणजे रखडतात. यांनी आठ महिने ती रखडलेली धून मन लावून उतरवून घेतली होती. सेल जिथे मान टाकत, तिथला गळाठलेला सूरसुद्धा हे न चुकता घेत. मला तर तीच जागा सगळ्यात आवडायची.

माई तोंडाला पदर लावून हसल्या. मलाही हसू आलं. हे मात्र बटणांवर बोटं ठेवून तसेच बसले. मग सुदामभाऊंना म्हणाले, "म्हणजे पुन्हा पहिल्यापासून आलं. महिना आहे हातात. फंक्शनपर्यंत बसेल ना?"

नेहमीचं "बसेल की" सुदामभाऊंच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. माई उठून आत गेल्या. मी चहा ठेवायला वळले. वास्तविक चहा पिऊन झाला होता.

"दिनाभाऊ, सोमवारपासून मी यायचो नाही," सुदामभाऊ म्हणाले. "दुसरीकडे लागलोय. कंपनी आता उघडत नाही."