इटालियन, अंदाजे १९५४

मला गाड्यांतलं कळतं. हे मी स्वतः सांगतोय म्हणून नाक मुरडू नका, आमच्या ग्रुपमधल्या कुणालाही विचारा. रस्त्यावरून गेलेल्या गाडीचा नुसता आवाज ऐकून ती कुठल्या सालची ते मी सांगतो. आणि न विचारता सांगतो, अशी आमच्या हिची तक्रार आहे.

ग्रुपचं नाव 'जुनं लोखंड'. आम्ही तेरा जण दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कुठली तरी जुनी गाडी बघायला जातो आणि तिच्यावरून भांडतो. त्या रविवारी मात्र भांडणाचा प्रश्नच नव्हता, कारण आम्ही कात्रजच्या पुढच्या बद्रीनाथ लाहोटींच्या संग्रहालयात चाललो होतो आणि तिथे माझा सत्कार होता. सत्कार म्हणजे शाल-नारळ नव्हे. तिथल्या तांबड्या रेसिंग कारवर मी तीन महिने अभ्यास केला होता, चार पानी लेख लिहिला होता, आणि त्यावरून बद्रीशेठनी पितळी पाटी करून घेतली होती. 'इटालियन, अंदाजे १९५४. संशोधन : श्यामसुंदर परचुरे.' चाळीस वर्षं मी लोकांच्या गाड्यांबद्दल फुकट बडबडतोय, पहिल्यांदाच कुठेतरी माझं नाव लागणार होतं. बायकोच्या माहेरीसुद्धा कळवून टाकलं होतं.

वारज्याच्या रंगरावांनी त्यांच्या अँबेसेडरमधून मला नेलं. मागच्या सीटवर पूर्वा होती. ती आयटीत आहे, पण वडिलांची जुनी फियाट स्वतः उघडून स्वतः जोडते. वाटेत ती तीन वेळा म्हणाली, "सर, आय अ‍ॅम सो एक्सायटेड, मला रात्री झोपच नाही लागली." मलाही लागली नव्हती, पण मी नुसतं हं केलं.

संग्रहालयाचं दार उघडलं आणि झालं, आमची सगळी मंडळी सुटली! साठीच्या माणसांनी काय करावं? रंगराव एका निळ्या ब्यूकच्या हेडलाइटमध्ये स्वतःचा चेहरा बघून भांग पाडत होते. पूर्वा तर एका रेसिंग कारखाली सरळ आडवी झाली आणि खालून ओरडली, "अहो, या ना, काय एक्झॉस्ट आहे!" की तिच्या शेजारी आणखी दोघं आडवे. कुणी बॉनेटचा वास घेतोय, कुणी टायरवर गाल टेकवतोय. बद्रीशेठ हात जोडून मागे मागे फिरत होते, "हात नका लावू हो, पॉलिश जातं." कोण ऐकतो! मी मात्र पोक्तपणे हात मागे बांधून चाललो होतो. तो पोक्तपणा एका पांढऱ्या मॉरिसपर्यंत टिकला. तिथे मी तिच्या स्टिअरिंगकडे बघून "अगं बाई!" असं मोठ्यांदा म्हणालो.

शर्मिला मेश्राम तेवढी उशिरा आली. खडकीला शाळेत गणित शिकवते, दोनच महिन्यांपूर्वी ग्रुपमध्ये आलेली. बरोबर तिचे वडील होते, सुदर्शनराव. एक्क्याऐंशी वर्षांचे, काटक, काठी टेकत. मूळचे भंडाऱ्याकडचे, खडकीला कारखान्यात फिटर म्हणून आले आणि इथलेच झाले. "बाबांना गाड्यांची आवड आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, "या, या. आज त्यांना खरी गाडी बघायला मिळेल."

आता हे वाक्य आठवलं की कानशिलं गरम होतात.

तांबड्या गाडीभोवती सगळे जमले. दोन माणसांची, बुटकी, नाकाड लांब, छप्पर नाही. पाटीवर रेशमी कापड टाकलं होतं. मी बोलायला उभा राहिलो. सीटच्या पत्र्याला पाडलेली भोकं म्हणजे वजन कमी करायची इटालियन पद्धत कशी, इंजिन जीपचं असलं तरी ते मागाहून इथे कसं बसवलं असणार, आल्प्सच्या घाटात ही कशी पळाली असेल. मग मी बॉनेट उघडलं आणि माझ्या संशोधनाचा कळस दाखवला. इंजिनच्या मागे पत्र्याला चिकटून पाण्याची एक गोल पितळी टाकी होती. तिची पाठीमागची बाजू दिसत नाही, मोबाइल आत जात नाही, फक्त एक बोट जातं. ते मी घातलं होतं आणि मला ठोकून उठवलेली टिंबं लागली होती. लेखाचं चौथं पान सगळं त्या टिंबांवर. "ही त्या वर्कशॉपची गुप्त खूण आहे," मी म्हणालो. पूर्वाच्या अंगावर काटा आला. तिने तो दाखवलासुद्धा.

"तो तांब्या आहे," सुदर्शनराव म्हणाले.

कुणी हसलं नाही, कारण कुणाला कळलंच नाही.

"फिरकीच्या झाकणाचा तांब्या आहे तो," ते परत म्हणाले. "आमच्या हिला तिच्या मामानं लग्नात दिलेला. मागं नाव आहे. हे गाडी मी बनवली बाप्पा."

मग जो गलका झाला! बद्रीशेठ म्हणाले, आजोबांना खुर्ची द्या. आमच्यातला एक जण म्हणाला, वय झालं की होतं असं. शर्मिला एकदम लाल झाली. "बाबांचं डोकं तुमच्यापेक्षा चांगलं चालतं," ती म्हणाली. "मी लहानपणापासून ऐकतेय या गाडीबद्दल. मी जन्मायच्या आधीच विकली, कारण क्वार्टरसमोर ठेवायला जागा नव्हती. गेल्या महिन्यात सरांच्या लेखात फोटो पाहिला आणि बाबा ताटावरून उठले. दोन दिवस नीट जेवले नाहीत. मला पैसा नको, गाडी नको. पाटीवर त्यांचं नाव हवं."

म्हणजे माझंच नाव काढून! मला काय राग आला म्हणता! "पुरावा?" मी म्हणालो.

"तांब्या खोला," ती म्हणाली.

"एक स्क्रू हलणार नाही," बद्रीशेठ म्हणाले. "परचुरे साहेबांनी सांगितलं तरच."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नुसतं "गरज नाही" म्हटलं असतं तरी विषय संपला असता. कापड बाजूला, पाटी, फोटो, बटाटेवडे. म्हातारा गृहस्थ आपला काठीवर हात ठेवून बॉनेटमध्ये बघत होता, आपल्या पोरीला दुसऱ्याच्या घरी बघावं तसा.

"खोलायला नको," मी म्हणालो, "मी बोट घालून बघतो." आणि घातलं.

तुमच्याकडे आईची जुनी भांडी असतील तर तुम्हाला माहीत आहे. तांबट आळीतून आणलेल्या प्रत्येक भांड्यावर टिंबाटिंबांनी नाव घातलेलं असायचं, लग्नातलं असलं तर देणाऱ्याचंसुद्धा. लहानपणी आमच्याकडे संध्याकाळची भांडी विसळायचं काम माझं होतं. अशी शेकडो नावं या बोटांखालून गेलेली. आणि तेच बोट तीन महिन्यांपूर्वी इथे इटालियन खूण वाचत होतं! आधी एक आडवी रेघ लागली. गुप्त खुणेला कशाला हवी आडवी रेघ? शिरोरेघ होती ती. खाली वि. मग म. मग ल.

मी बोट तसंच आत ठेवून उभा राहिलो. कुणालाच कळलं नव्हतं. आतलं फक्त माझ्या बोटाला माहीत होतं, आणि खरं सांगतो, चांगली पाचेक सेकंदं मी खोटं बोलायच्या बेतात होतो.

"वहिनींचं नाव काय?" मी विचारलं.

"विमल," सुदर्शनराव म्हणाले. "दोन वर्षं झाली तिला जाऊन."

"सौ. विमल हिस," मी मोठ्यांदा वाचायला लागलो, "गेनबा मामाकडून..." आणि पुढे मला वाचवेना, कारण मला हसू फुटलं. अहो, चार पानं! चार पानं लिहिली मी गेनबा मामांच्या आहेरावर! मी बॉनेटवर डोकं टेकून खदाखदा हसत होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. पूर्वा हसत खाली बसली. रंगराव म्हणाले, "परचुरे, आल्प्सच्या घाटाचं काय?" ते ऐकून सुदर्शनरावसुद्धा हसले. "घाटात पळवली ना. कात्रजच्या. एकदाच शर्यत होती. शेवटून दुसरा आलो."

मी पाटीवरचं कापड काढलं, खिशातल्या किल्लीने चारही स्क्रू फिरवले आणि पाटी काढून रंगरावांच्या हातात दिली. बद्रीशेठ बघतच राहिले. "साहेब, माझी इटालियन गाडी!"

"शेठ, इटालियन गाड्या इटलीत ढिगाने आहेत," मी म्हणालो. "खडकीची एकच आहे, आणि ती तुमच्याकडे आहे."

बद्रीशेठनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाले, "पण ही चालत नाही हो. दर रविवारी सुरू करतो, दोन मिनिटांत टाकीचा पाइप उडतो."

"फिरकी आवळता काय?" सुदर्शनरावांनी विचारलं.

"घट्ट. परचुरे साहेबांनीच सांगितलं होतं."

"कायले आवळता! वाफ कुठून जाईल? अर्धा आटा सैल ठेवायचा." त्यांनी स्वतः हात घालून तांब्याचं झाकण अर्धा आटा सोडलं. काठी बाजूला पडली, ती कुणाच्या लक्षातही आली नाही. "करा सुरू."

गाडी खोकली, शिंकली आणि धडाधडा सुरू झाली. दोन मिनिटं झाली. तीन झाली. पाच मिनिटं आम्ही तेरा जण एका तांब्याकडे श्वास रोखून बघत होतो. तांब्यातून वाफेची बारीक रेघ येत होती आणि पाइप जागेवर होता. मग मात्र आरडाओरडा झाला, मिठ्या झाल्या, बद्रीशेठनी स्वतः गाडी बाहेर ढकलायला हात लावला. पॉलिश गेलं खड्ड्यात!

बाहेरच्या पटांगणात सुदर्शनराव माझ्याकडे वळले. "माझे गुडघे गेले, क्लच दबत नाही. साहेब, तुमच्याइतका हिचा अभ्यास कोणी केला नाही. तुम्ही चालवा."

एकदा खरं बोलायची सवय लागली की कठीण असतं. "मला गाडी चालवता येत नाही," मी म्हणालो.

बाराच्या बारा माना माझ्याकडे वळल्या.

"म्हणजे आजवर—" रंगराव म्हणाले.

"आजवर तुम्हीच नेता ना मला! दोनदा नापास झालो, मग नाद सोडला."

पूर्वा हसून हसून उचक्या द्यायला लागली. शेवटी शर्मिला स्टिअरिंगवर बसली, शेजारी तिचे बाबा. पहिला गिअर खाड्‌कन पडला आणि तांबडी गाडी धूळ उडवत सुटली. आम्ही मागे पळालो. हो, पळालो, सहासष्टाव्या वर्षी, चपला टाकून, "हॅ हॅ हॅ" करत! तिसऱ्या फेरीला सुदर्शनराव उतरले आणि मला त्यांच्या जागी बसवलं. वारा तोंडावर आला, दात शिवशिवले, मी मोठ्यांदा काय ओरडत होतो ते मला आता सांगता येणार नाही. त्याआधी मी आयुष्यात कधी रेसिंग कारमध्ये बसलो नव्हतो.

उतरलो तेव्हा बद्रीशेठ कागद-पेन घेऊन उभे होते. नवी पाटी करायची होती. शर्मिला म्हणाली, "लिहा, सुदर्शन मेश्राम, खडकी." मी म्हटलं, मोठ्या अक्षरात लिहा. बद्रीशेठनी लिहिलं आणि आदराने म्हाताऱ्यापुढे कागद धरला, अजून काही घालायचं का म्हणून.

सुदर्शनरावांनी नाव वाचलं आणि मान डोलावली. मग गरम बॉनेटवर हात ठेवला. हाताला चटका बसत असणार, पण त्यांनी तो काढला नाही.

"खाली लिहा," ते म्हणाले, "गाडी चालू आहे."