टाकीच्या झाकणातला देवचार

घाटीच्या मधल्या वळणावर त्या गुरुवारी सकाळी आठ वाजता तीस-पस्तीस माणसं जमली होती. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या हातात मोबाईल. मधोमध आमची बंद पडलेली डिझेल गाडी आणि मागच्या सीटवर माझी थोरली बहीण लीलाताई, उशीला टेकून डोळे मिटून बसलेली. बॉनेट उघडं होतं, पण इंजिनाकडे कुणी बघत नव्हतं. सगळे बघत होते बाबलीबुवाकडे.

बुवाने डिझेलच्या टाकीच्या झाकणावर हात ठेवला आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवचारा, ह्या घाटीच्या राखणदारा! गाडी तू अडवलंस, तां तुझ्या हक्कान अडवलंस!"

"व्हय म्हाराजा!" गर्दी ओरडली.

"डिझेल पितंस तर पी, टायर खातंस तर खा, पण आतली बाई आजारी आसा, तिका वाट दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

टायर खाणारा देवचार मी तरी पहिल्यांदाच ऐकत होते. बुवाने डोळे फिरवले, अंग घुमवलं आणि झाकण हळूच पिळलं. आतून 'हुस्सऽऽ' असा लांब आवाज आला.

"गेलो! आयकलास मा? गेलो बघा! भाई, आता पंप मार. बारा वेळा, घाटीचा नाव घेऊन!"

भाई म्हणजे लीलाताईचे यजमान, माझे भावजी. त्यांनी इंजिनाजवळचा हातपंप बारा वेळा दाबला, चावी फिरवली आणि गाडी धडधडत सुरू झाली. बायकांनी बुवाच्या पायावर डोकं ठेवलं.

मी, नर्मदा, हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवलं. आणि त्या गर्दीत मी हात जोडून उभी होते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे मी दोन शब्द शहाणपणाचे बोलले की तुम्ही म्हणाल, आली मोठी टिकोजीराव!

लीलाताईची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. दर सोमवारी आणि गुरुवारी कुडाळला डायलिसिस. नऊ ते एक, चार तास मशीनवर. एक वाजता त्याच मशीनवर दुसरा रुग्ण यायचा, त्यामुळे आपल्याला जितका उशीर, तितका आपलाच वेळ कमी. एसटीने तिला नेऊन पाहिलं, दोनदा स्टँडवर कोसळली. उरली ती भावजींची अठ्ठ्याण्णव सालची गाडी.

ती गाडी भावजींनी कधी गॅरेजला दाखवली नाही. "गॅरेजवालो कित्याक? माझे हात काय मेले?" अंगणात जुनी गोणपाटं पसरून तिच्याखाली शिरायचे आणि ऑईल बदलण्यापासून ब्रेक बसवण्यापर्यंत सगळं स्वतः करायचे. केलेल्या प्रत्येक कामाची तारीख एका वहीत लिहायचे. काजूच्या बागेपेक्षा त्या वहीवर त्यांचा जीव जास्त.

ऑगस्टात एका सोमवारी गाडी पहिल्यांदा घाटीत थांबली. भावजींनी फिल्टर खोलला, त्यात पाणी साचलं होतं. ते काढलं, नळीत शिरलेली हवा हातपंपाने बाहेर घालवली, वीस मिनिटांत गाडी चालू. खरं तर गोष्ट इथेच संपायला हवी होती.

पण घाटीत देवचाराच्या दगडाशेजारी खोपटं बांधून राहिलेला बाबलीबुवा दुसऱ्याच दिवशी घरी हजर. "गाडीर नजर पडली हा त्याची. कवच घालूक व्हया." आजारी माणसाच्या घरी कुणाला नाही म्हणायची ताकद असते? बुवाने शेंदूर आणि मेण मळून टाकीच्या झाकणाला आतून-बाहेरून थापलं, दक्षिणा घेतली आणि नियम सांगितले. घाटीकडे येण्याआधी कट्टा गावच्या पेट्रोल पंपावर टाकी काठोकाठ भरायची, झाकण घट्ट पिळायचं. आणि घाटीत गाडी थांबली तर झाकणाला बुवाशिवाय कुणी हात लावायचा नाही.

त्यानंतर कुडाळला जाताना गाडी दर खेपेला घाटीत बंद पडू लागली. आणि आम्ही काय म्हटलं? "बघ, देवचार किती चिडलोहा! नशीब आमचा, बुवा आसा." अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच.

भावजींनी फिल्टर बदलला, नळ्या बदलल्या, पंपाचे वॉशर बदलले. हात सोलवटून निघाले. "नर्मदा, मी आधी पंप मारतंय तर हाताक काय लागणा नाय, पोकळ. बुवान झाकण उघडल्यान की लगेच घट्ट. ह्या माझ्या हातान बघलंय, आता कसा नाय म्हणू?" आपल्या हातावर त्यांचा विश्वास होता, आणि त्या हातानेच त्यांना फसवलं.

बुवा कधी झोपलेला असे, कधी आंघोळीला गेलेला, कधी त्याला गर्दी जमायला हवी असे. चाळीस मिनिटं, कधी तास. चार तासांचं डायलिसिस तीनवर आलं. लीलाताईचे पाय सुजले, मग तोंड सुजलं. डॉक्टर चिडले. "अहो, अंगातलं पाणी निघतच नाहीये. चार तास म्हणजे चार तासच हवेत. दर वेळी उशीर का होतो?" देवचार अडवतो असं डॉक्टरांना सांगायची लाज वाटत होती, पण बुवाला नमस्कार करायची वाटत नव्हती.

मग सोमवारी अमावास्या आली. बुवाने फर्मान काढलं, "त्या दिवशी घाटी ओलांडूची नाय. बाई गेली तर परत येवची नाय." मी भांडले. पण किती भांडले? एक वाक्य. भावजींनी सेंटरला फोन करून कळवलं, आज येत नाही.

बुधवारी दुपारी लीलाताईला आडवं होता येईना. श्वासाबरोबर छातीत घरघर. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "नर्मदे, माका बुडल्यासारखा होता गो." रुग्णवाहिकेला फोन केला. ती दुसऱ्या रुग्णाला घेऊन लांब गेली होती, यायला दीड तास. लीलाताईला गाडीत घातलं आणि निघालो. आणि अशा वेळीसुद्धा भावजींनी कट्ट्याला थांबून टाकी काठोकाठ भरली. नियम होता ना! मी शेजारी बसून ते बघत होते.

घाटीच्या वळणावर गाडी थांबली. खोपट्याला कडी. बुवा जामसंड्याला कुणाच्या तरी घराला कवच घालायला गेलेला. टेम्पोवाला निलेश तिथे होता, त्याच्याही टेम्पोला बुवाचं कवच, आणि तोही तिथेच बंद पडून अडकलेला. त्याने फोन लावला. पलीकडून बुवा ओरडला, "मी येयसर झाकणाक कोणी हात लावू नकात! माणूस जायत!"

जामसंड्याहून यायला दीड-दोन तास. लीलाताईचे ओठ निळे पडत चालले होते. भावजी वेड्यासारखे पंप मारत होते, पंप पोकळ तो पोकळच. रडत होते आणि मारत होते.

दगडापाशी नारळ विकणाऱ्या यशोदाला आमची दया आली. "मी देवचाराक पाणी घालतंय," म्हणाली आणि नारळाचा डोळा खिळ्याने फोडून तो दगडावर उपडा केला. दोन थेंब पडले आणि पाणी थांबलं. यशोदाने सहज दुसरा डोळा फोडला. "आत वारो गेल्याशिवाय पाणी खंयसून येतला?" धार लागली.

मी त्या धारेकडे बघत राहिले. तीस वर्षं! तीस वर्षं मी आठवीच्या वर्गात तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडून हेच दाखवलं होतं. आत हवा शिरली नाही तर आतलं पाणी बाहेर येत नाही. टाकीतून डिझेल जातं, तर त्याच्या जागी हवा कुठून येते?

"भावजी, झाकणाक भोक असता काय?"

"असता. बारीक. वाऱ्याक..." ते बोलता बोलता थांबले.

मी झाकणाकडे धावले. निलेशने माझं मनगट धरलं. "बाई, हात लावू नकात! ताईचो जीव जायत!"

"तो जाताच आसा, मेल्या! सोड हात!"

भावजी आडवे आले. "नर्मदा, तिका काय झाला तर?"

मी त्यांना ढकललं. होय, ढकललं. झाकण पिळलं. 'हुस्सऽऽ'. तोच आवाज, बुवा नसताना, गाऱ्हाणं नसताना. भावजींनी पंप दाबला, घट्ट! गाडी सुरू झाली. डोक्यातली पिन काढून मी झाकणाच्या भोकातलं शेंदूर-मेण खरवडलं आणि झाकण लावलं. कुडाळपर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही.

तिला ताबडतोब मशीनवर घेतलं. पण पाणी छातीत भरलं होतं, हृदय थकलं होतं. शुक्रवारी सकाळी माझी ताई गेली. डॉक्टरांनी कुणाला दोष दिला नाही. एवढंच विचारलं, "सोमवारी का नाही आणलंत?"

बुवाला आयतंच सापडलं. "मी सांगलेलंय मा? बाईन झाकणाक हात लावल्यान, देवचारान माणूस घेतल्यान." माझ्या बहिणीला मीच मारलं, असं गावात ठरलं. बाजारात बायका मला बघून बाजूला होत. आणि भावजी? बाराव्यापर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. ताई गेल्याचं दुःख एका बाजूला, आणि त्यांनाही तसंच वाटतंय की काय, ही भीती दुसऱ्या बाजूला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते वही घेऊन दारात आले.

"बस गाडीत," म्हणाले. "कवचाच्या आधी वर्षभरात घाटीत गाडी किती वेळा बंद पडली? एक. फिल्टरात पाणी. कवच घातल्यार? नऊ खेपे, नऊ वेळा. तू भोक मोकळा केलंस, तेच्या नंतर मी सामान आणूक पाच वेळा कुडाळाक गेलंय. एकदाव नाय. औषध घेतल्यार दुखणा वाढता, तर औषधाक काय म्हणूचा?"

कट्ट्याला त्यांनी टाकी काठोकाठ भरली, झाकणाच्या भोकात साबण चेपला. घाटीच्या वळणावर गाडी बरोबर बंद पडली. माणसं जमली, बुवा घोंगडी सावरत आला. "बा देवचारा—"

"बुवा, गप रव," भावजी म्हणाले. "यशोदे, तू उघड झाकण."

यशोदा घाबरली, पण तिने पिळलं. हुस्सऽऽ. भावजींनी साबण काढून झाकण पुन्हा घट्ट लावलं, पंप मारला आणि त्या चढावरून गाडी तीन वेळा वरखाली नेली. एकदाही थांबली नाही.

मी नारळ घेतला आणि आधी एक डोळा, मग दुसरा, सगळ्यांसमोर फोडून दाखवला. "डिझेल जाता, तेच्या जागेर हवा येऊक व्हयी. बुवान हवेची वाट बंद केल्यान. टाकी भरलेली, म्हणजे आत हवा मुळातच थोडी, ती लवकर ताणता. चढाक इंजिन जास्त डिझेल मागता, मिळणा नाय, गाडी बंद. हुस्स करून देवचार भायर जाणा नाय, हवा आत जाता. घाटी उतरल्यार रस्तो सपाट, टाकी थोडी रिकामी, म्हणून पुढे चलता."

"देवचारान आज परवानगी दिल्यान!" बुवा ओरडला.

"बरा," निलेश म्हणाला. "मग मी माझ्या झाकणातला काढतंय." तो हातात पाना घेऊन कितीतरी वेळ उभाच होता. घरी त्याचं तान्हं पोर आहे. शेवटी त्याने पान्याच्या टोकाने खरवडायला सुरुवात केली.

"अरे, पान्यान नाय, झाकण फुटात!" बुवाच्या तोंडून निसटलं. "वॉशर काढ आधी, भोक आतल्या अंगान आसा!"

निलेशने मान वर केली. "बुवा, वॉशर खंय असता तां देवचारान शिकवल्यान?"

मग सगळं बाहेर आलं. बुवा दहा वर्षं इन्सुलीच्या नाक्याजवळ एका गॅरेजात डिझेल गाड्या दुरुस्त करत होता. भोक कसलं, हवा कसली, त्याला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. आम्ही त्याच्यावर जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली आहे. कवच घातलेल्या सहा गाड्यांची झाकणं भावजींनी स्वतः साफ केली.

देवावर श्रद्धा ठेवू नका, असं मी म्हणणार नाही. तो तुमचा प्रश्न. पण कुणी उपाय करून दिला, तर एवढं मोजा. आधी दुखणं किती होतं आणि उपायानंतर किती झालं? वाढलं असेल, तर उपाय करणाऱ्याच्या पाया पडू नका, त्याला जाब विचारा. त्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही, दहापर्यंत मोजता आलं की पुरतं. मला मोजता येत होतं. ताई जिवंत असताना नऊ वेळा मी त्या वळणावर उभी राहिले आणि एकदाही मोजलं नाही.