स्पिरिटचा बोळा

केन्ड्रिकने व्हॅनमधून लेबलं छापायची तीन यंत्रं उतरवून शेडमधल्या लांब टेबलावर ओळीने मांडली, तेव्हा नोरीनला पहिल्यांदा राग आला तो त्या टेबलापायी. चाळीस वर्षं याच टेबलावर गांजाच्या कळ्या कातरल्या होत्या. एके काळी बारा-बारा माणसं दोन्ही बाजूंना दाटीवाटीने बसायची. शेगडीवर घेवड्याचं सूप रटरटत असायचं, कुणीतरी गिटार छेडायचं आणि कुणीतरी ‘आता पुरे रे बाबा’ म्हणून ओरडायचं. लाकडात मुरलेला चीक अजूनही उन्हाळ्यात हाताला लागतो. आणि आता त्या टेबलावर हे पांढरे खोके वायरी सोडून बसले होते, न बोलावता आलेल्या पाहुण्यांसारखे.

“हात लावून बघ ना आई. चावत नाहीत ती,” लार्क म्हणाली.

लार्क तिची मुलगी, छत्तीस वर्षांची. गांजा कायदेशीर होऊन परवाना मिळाल्यापासून शेतीचा सगळा कारभार तिच्या हातात होता आणि तो ती चोख करायची, हे नोरीनलाही कबूल होतं. कापणी तीन आठवड्यांवर आली होती. यंदापासून लेबल नसलेली एकही बरणी डोंगराखाली जाणार नव्हती. शेताचं नाव, वाणाचं नाव, परवान्याचा क्रमांक, कापणीची तारीख आणि खाली मुलांपासून दूर ठेवा वगैरे उपदेश, एवढं सगळं तळहाताएवढ्या कागदावर बसवायचं होतं.

“पूर्वी पुराव्याला घाबरायचो,” कोपऱ्यात कात्र्यांना धार लावत बसलेला ऑरिन म्हणाला. “आता पुरावा चिकटवल्याशिवाय माल हलत नाही.”

ऑरिन नोरीनचा नवरा. त्र्याहत्तरावं लागलं होतं, गुडघे बोलायला लागले होते, जीभ मात्र अजून तरणी होती. केन्ड्रिक हसला. तो यंत्रं विकायला शहरातून आलेला, इस्त्रीच्या शर्टातला, सभ्य मुलगा होता. दारात आल्या आल्या त्याने बूट काढू का म्हणून विचारलं होतं. मातीच्या शेडमध्ये!

“हे पहिलं सगळ्यात साधं,” तो सांगू लागला. “शाईच नाही. कागद तापतो आणि अक्षरं उमटतात. दुसरं रंगीत शाईचं. फुलं, डोंगर, काय हवं ते छापा. तिसरं काळंच छापतं, पण रिबनने. दिसायला गरीब आहे, पण टिकाऊ.”

नोरीन ऐकत होती असं म्हणायला हरकत नाही. तिचं मन मात्र भिंतीकडच्या फळीवर गेलं होतं. तिथे पूर्वी बरण्या असायच्या. त्यांच्यावर नाव नसायचं, तारीख नसायची. काचेवर लिहायच्या मेणाच्या पेन्सिलीने काढलेली नुसती एकेक खूण असायची. सूर्य म्हणजे दक्षिणेकडचा वाफा, मासा म्हणजे ओढ्याकाठचा, बूट म्हणजे वरचा. ते दिवसच तसे होते. या डोंगरावर कुणाचं आडनाव कुणाला ठाऊक नव्हतं आणि ते विचारणं हा उद्धटपणा होता. वीस वर्षं शेजारी राहिलेला माणूस वारला तेव्हा त्याचं खरं नाव थडग्यावरच्या पाटीने सांगितलं. पण त्याच माणसाने नोरीनच्या छपरावर पहिला पत्रा ठोकला होता, आणि लार्क जन्मली त्या पावसात सुईणीला पाठीवर घेऊन ओढा ओलांडला होता. कुणी काही लिहून ठेवत नव्हतं, तरी कुणी काही विसरतही नव्हतं.

फळीच्या टोकाला स्पिरिटची बाटली आणि चिंधीचा बोळा कायम तयार असायचा. कड्यापलीकडे पोलिसांच्या हेलिकॉप्टरची घरघर सुरू झाली की नोरीन बोळा भिजवायची आणि अंडं उकडायच्या आत चाळीस बरण्या कोऱ्या करायची. त्या कामात तिचा हात धरणारं डोंगरावर कुणी नव्हतं.

“आता नमुना काढतो,” केन्ड्रिक म्हणाला. “मजकूर लार्कने पाठवलाय.”

तिन्ही यंत्रं एकामागून एक कुरकुरली आणि तीन लेबलं बाहेर आली. लार्कने ती तीन रिकाम्या बरण्यांवर चिकटवून आईसमोर ठेवली. तिचे गाल लाल झाले होते. लहानपणी शाळेतून काही करून आणलं की व्हायचे तसेच.

वाणाच्या नावाच्या जागी ठळक अक्षरांत छापलं होतं: ऑरिन.

“वरच्या वाफ्याचा वाण बाबांचाच आहे,” लार्क म्हणाली. “पस्तीस वर्षं त्यांनी बी राखलंय. बूट, बूट म्हणून किती दिवस चालवायचं? मी नाव नोंदवायचं ठरवलंय. शुक्रवारी अर्ज जाईल.”

नोरीनने फळीवरची स्पिरिटची बाटली घेतली, बोळा भिजवला आणि पहिल्या बरणीवर घासला. कागद काळवंडून अक्षरांचा चिखल झाला. मग दुसरी बरणी. लाल, हिरवा, निळा सगळे रंग ओघळले आणि दोन घासांत कागद पांढराफटक पडला. तिसऱ्या बरणीवर तिने बोळा दोनदा, चारदा फिरवला. नाव होतं तिथेच होतं.

“वा, मॅडम!” केन्ड्रिक खूश झाला. “हीच खरी परीक्षा. चिकाचे हात स्पिरिटनेच पुसतात ना, तिथेच बाकीची लेबलं मार खातात.”

नोरीनने दुसऱ्या यंत्रावर बोट ठेवलं. “हे घेऊ.”

“पण... ते तर पुसलं गेलं.”

“म्हणूनच.”

लार्क आधी हसली. मग आईचा चेहरा बघून तिचं हसू मावळलं. “अगं आई, आता कोण येणारे धाड घालायला? तपासायला येणारी बाई आपल्याकडे कॉफी पिऊन जाते! आणि पुसलेलं लेबल सापडलं तर परवाना जाईल, कळतंय का तुला?”

“मग नाव तरी घालू नकोस त्याचं.”

“का पण?”

“घालायचं नाही म्हटलं ना!”

नोरीनचा आवाज एवढा चढला की शेडबाहेरचं कुत्रं भुंकलं. ऑरिनने कात्री खाली ठेवली. “लार्क,” तो शांतपणे म्हणाला, “या पोराला घरात ने. सकाळी भाजलेली ब्लॅकबेरीची ‘पाय’ आहे, एक मोठा तुकडा दे त्याला. वाळलाय बिचारा.”

दोघं गेली. ऑरिन काठी टेकत आला आणि बाकावर नोरीनच्या शेजारी बसला. काही विचारलं नाही. या डोंगराची रीतच ती. पण त्या रीतीने नोरीनला चौतीस वर्षं आतून पोखरलं होतं, आणि आज ते तिच्याच्याने सहन होईना.

“त्या वर्षी तुझ्या वाढदिवसाला मी एक बरणी वेगळी काढली होती,” ती म्हणाली. “वरच्या वाफ्यातल्या सगळ्यात सुंदर कळ्यांची. आणि तिच्यावर तुझं नाव घातलं. मेणाच्या पेन्सिलीने नाही. पक्क्या शाईच्या पेनाने, छान वळणदार. मला वाटलं, एवढी एक तरी बरणी नावाची असावी.”

ऑरिनने काठी बाकाला टेकवून ठेवली.

“पोलीस आले तेव्हा मी एकोणचाळीस बरण्या पुसल्या. ही पुसली जाईना. घासली, नखांनी खरवडली. लार्क रडत होती, दोन वर्षांची पोर. मी बरणी पिठाच्या डब्यात खुपसली आणि पोरीला घेऊन मागच्या वाटेने पळाले. या शेडची जमीन तेव्हा लाकूडकंपनीची होती, ऑरिन. कुणाची म्हणून सिद्ध करायला त्यांच्याकडे काही नव्हतं. ती बरणी सोडून. तू दीड वर्ष आत काढलंस ते माझ्या हौसेपायी. सगळ्यांना वाटलं कुणीतरी फितूर झालं. मी वाटू दिलं.”

तिला रडू आवरेना. तेव्हापासून त्याचं नाव कागदावर दिसलं की ती नजर वळवायची. तो सही करायला बसला की ती उठून चहाचं आधण ठेवायची. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, पण नोरीनने चौतीस वर्षं ताकाकडे पाहिलंच नव्हतं.

ऑरिनने खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला आणि केन्ड्रिकच्या माहितीपत्रकाच्या मागे आपलं नाव लिहिलं.

“बघ.”

“नको.”

“बघ म्हणतो ना.”

तिने पाहिलं. पहिलं अक्षर ‘O’ गोल आणि त्याच्या डोक्यावर भोपळ्याच्या वेलीच्या ताण्यासारखी गुंडाळलेली शेपटी. ती शेपटी तिची होती. जगात दुसरं कुणी त्या अक्षराला तशी शेपटी काढत नव्हतं.

“त्यांनी ती बरणी दोन दिवस माझ्यासमोर टेबलावर ठेवली होती,” ऑरिन म्हणाला. “हे कुणी लिहिलं, म्हणून विचारायचे. बायकोने का? मी म्हटलं, मीच लिहिलंय, मला माझं नाव आवडतं. तर म्हणाले, लिहून दाखव. तुझी शेपटी मी दोन दिवस मांडीवर बोटाने गिरवली होती. पेन हातात दिलं, काढली झोकात. त्यांना पटलं. नाहीतर तूही आत गेली असतीस आणि लार्क गेली असती परक्यांच्या घरी.”

“तुला माहीत होतं?”

“मला तुझं अक्षर ओळखू येणार नाही होय? पुढे प्रत्येक कागदावर तशीच सही करावी लागली, खोटं उघडं पडू नये म्हणून. आता दुसरी येतच नाही. परवान्यावर पण तीच आहे. सरकारदरबारी तुझी शेपटी माझ्या नावाने लागलीय.”

“मग बोलला का नाहीस कधी?”

“तू कधी विचारलंस?” त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. “आणि खरं सांगू? माझं नाव एवढं सजवून कुणी लिहिलं नव्हतं. आईनेसुद्धा नाही. दोन दिवस समोर ती बरणी होती, म्हणून तर तुझ्याबद्दल तोंड बंद ठेवता आलं.”

नोरीनने कागदावरच्या शेपटीवरून बोट फिरवलं. ज्या गोष्टीसाठी ती रोज स्वतःला दोष देत आली, ती या माणसाने प्रत्येक कागदावर मिरवली होती, आणि ती मात्र दर वेळी आधण ठेवायला उठून गेली होती. किती वर्षं वाया घालवली आपण, असं तिला वाटलं आणि तिला स्वतःचीच चीड आली. मग तिने नाक पुसलं आणि दाराशी जाऊन हाक मारली.

लार्क धावत आली. तिच्या मागून केन्ड्रिक, ओठांना जांभळा रस लागलेला.

“हे असंच छापता येईल का रे?” नोरीनने त्याच्यापुढे कागद धरला. “असंच. शेपटीसकट.”

“येईल की. फोटो काढून घालतो. पण कुठल्या यंत्रावर?”

“रिबनच्या.”

लार्कने आईकडे पाहिलं, मग बापाकडे. काही विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी तीही याच डोंगरावर वाढलेली होती. “संध्याकाळी सांगेन तुला,” नोरीन तिला म्हणाली. “सगळं सांगेन.”

तिसरं यंत्र कुरकुरलं. लेबल हळूहळू बाहेर आलं, आधी शेताचं नाव, मग शेपटी, मग तिच्या खालचं गोल अक्षर. नोरीनने ते स्वतःच्या हाताने बरणीवर चिकटवलं आणि अंगठ्याने कडा दाबल्या. मग तिने बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि पुसलं. जोर लावून पुसलं. त्या दिवशी पुसलं होतं तसं, दात आवळून, परत परत. नाव हललं नाही. तरी ती पुसत राहिली, तेव्हा ऑरिनने तिचं मनगट धरलं.

“पुरे आता,” तो म्हणाला. “राहू दे.”

तिने बोळा खाली ठेवला.