मघाचं रडणं

“मावशी, आता परत रडा हं. मघाशी माईक बंद होता.”

बाईंनी पडद्यावर लावलेल्या कच्च्या चित्रणात कॅमेऱ्यामागून तो गोड आवाज आला. आवाज त्यांच्याच विद्यार्थिनीचा होता. नववीला ‘माध्यम’ हा ऐच्छिक विषय घेतलेली, वर्गातली सगळ्यात चुणचुणीत पोर. शाळेत झाडलोट करणाऱ्या मावशींवर तिने माहितीपट केला होता. पडद्यावर मावशी जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी डोळे टिपले, घसा खाकरला आणि विचारलं, “मोठ्याने रडू का? मघाशी काय म्हणाले होते गं मी?”

कॅमेऱ्यामागे तिची कुणी मैत्रीण फिस्सकन हसली. मग मावशी रडल्या. तापाने गेलेल्या लेकीचं नाव घेऊन, अगदी सांगितल्याबरहुकूम.

पोरगी बाईंच्या खुर्चीमागे उभी राहून कौतुकाची वाट बघत होती. चित्र पहिल्या वेळचं घेतलंय, आवाज दुसऱ्या वेळचा, ओठ कसे चपखल बसलेत ते बघा, असं तिने हौसेने दाखवलं. बाईंनी चित्रण मध्येच थांबवलं, तशी ती जरा हिरमुसली.

“बाई, तुम्हीच तर सांगितलं होतंत, एक टेक जास्तीचा घ्यायचा म्हणून.”

सांगितलं होतं. फळ्यावर लिहून, खाली रेघ ओढून सांगितलं होतं. बाईंना पोरीची शिसारी आली, त्याहून जास्त त्या रेघेची आली.

हेडसर सकाळीच बजावून गेले होते, की आज संध्याकाळपर्यंत स्पर्धेला फिल्म गेली नाही तर पुढच्या वर्षी हा विषय बंद, आणि बाईंनी पुन्हा भूगोलाचे नकाशे गुंडाळायचे. जाता जाता त्यांनी फिल्म पाहिली होती आणि खूश होऊन म्हणाले होते, रडणं झकास आलंय. जेवणात मीठ बरोबर पडलंय म्हणावं, तसं.

बाईंनी मावशींना बोलावून घेतलं. फिल्म पाठवणार नाही, असं सांगितलं. मावशींनी हात पुसले आणि खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

“का हो? पाठवा की. पोरींनी एवढा खटाटोप केलाय. ते दुसरं खुशाल दाखवा जगाला. ते मी तुमच्यासाठीच रडले. पहिलं तेवढं ठेवू नका कुठं.” मग त्या म्हणाल्या, “ते मला नकळत आलं होतं, बाई.”

बाईंनी पोरीकडे पाहिलं. “दोन्ही काढून टाक.”

“पहिलं पुन्हा नाही मिळणार, बाई.”

“म्हणूनच.”

“आणि आपला विषय?”

“तो जाईल,” बाई म्हणाल्या.

दुसरं पुसलं गेलं, जोडलेली फिल्म पुसली गेली. पहिल्यावर मात्र पोरीचा हात अडखळला. मावशींनी हळूच विचारलं, एकदा बघू का? मग तिघी बघत राहिल्या. जिन्यावर तिरपं ऊन, उन्हात मावशी. ओठ हलत होते, आवाज नव्हता. डोळ्यांतून गळत होतं, ते पुसायलाही हात वर येत नव्हता. बाईंनी शेजारी पाहिलं. खुर्चीच्या कडेवरच्या मावशींचे ओठही त्याच लयीत हलत होते, तसेच, आवाजाविना. कुणाशी तरी बोलत होत्या त्या, आणि ते बोलणं त्या मायलेकींपुरतंच होतं.

पोरीने तोंड फिरवलं. काय म्हणताय, असं तिने विचारलं नाही.

मग तिने पहिलंही पुसलं, पडदा रिकामा झाला. मावशी उठल्या, खुर्ची आवाज न करता जागेवर सरकवली, आणि बाहेर पडताना दार नुसतं लोटून घेतलं, आत कुणी निजलं असावं तसं.