कणीएवढं अंतर

मी चार्जिंगच्या वायरची पिन बोलतेय. हो, तीच, जी तुम्ही आधी उलटी लावता, मग सुलटी, आणि मग शंका येऊन पुन्हा उलटी. दुकानात वाढले, त्यामुळे बोलायची सवय आहे. बसा घटकाभर.

माझ्या अंगाला खालून दोन बारीक आकडे आहेत, मांजरीच्या नखांसारखे. फोनच्या तोंडात शिरले की ते पकड घेतात आणि ‘टक्’ असा आवाज होतो. बनवणाऱ्यांनी हे आकडे मुद्दाम फोनला न देता मला दिले. फोन महाग, मी स्वस्त. झिजायचंच तर मी झिजावं. थोडक्यात, मला घडवलं तेच आधी मरण्यासाठी. त्याचं मला काही नाही. माझं दुःख वेगळं आहे.

आमच्या बेटावर आलिंग साबेलचं दुकान आहे. तिथे सुक्या मासळीच्या आणि शाम्पूच्या पुड्यांच्या मधे मी टांगलेली असायचे. पेर्लिताने मला नेलं ते नवऱ्यासाठी. दास्योंग होडी घेऊन दोन-दोन, तीन-तीन दिवस बाहेरच्या खडकांपाशी मासे धरायचा. तिथवर फोन लागतो. वादळाची खबर गावात आली की पेर्लिता त्याला निरोप धाडायची आणि तो होडी वळवायचा. दोनदा असाच वाचला होता.

निघताना ती भरलेला फोन चालूच ठेवून दोन प्लॅस्टिक पिशव्यांत घालायची, घट्ट गाठ मारायची आणि त्याच्या गळ्यात अडकवायची. खाऱ्या हातांनी ती गाठ कोणी सोडत नाही. फोन वाजला तरच सोडायची. वाजला नाही म्हणजे हवा चांगली. आमच्याकडे सगळ्या होड्यांवर हीच रीत.

घरात माझे हाल व्हायचे ते झाले. फोन लावलेला असतानाच गप्पा, वायर ताणून दारापर्यंत फेऱ्या. वर्षभरात आकडे चपटे झाले. मग पेर्लिता फोन तिरका ठेवून माझ्यावर मासळीचा डबा वजन म्हणून ठेवू लागली.

आलिंग साबेल एकदा बघून म्हणाली, “अगं, हिला दात उरले नाहीत. नवी ने.”

“दात माझ्या सासऱ्यांनाही नाहीत,” पेर्लिता म्हणाली. “त्यांनाही बदलून देतेस का?”

सासरे, ताताय उस्तिंग, बोळक्या तोंडाने सगळ्यांत मोठ्याने हसले.

पुढच्याच आठवड्यात होडीतून उतरताना फोन पाण्यात पडला. ताताय म्हणाले, तांदळात पुरा. दोन दिवस फोन तांदळाच्या डब्यात होता. तिसऱ्या दिवशी चालू झाला. बॅटरी किती भरली ते दाखवणारा कोपरा तेवढा काळा पडला, पण मधलं विजेचं चिन्ह दिसत होतं. ताताय गावभर सांगत सुटले. त्याच तांदळाचा भातही झाला.

मला मात्र त्या दुपारी आत शिरतानाच कळलं. फोनच्या तोंडात तळाशी तांदळाची एक कणी अडकली होती. मी जवळजवळ पूर्ण आत गेले. टक् झालं नाही. पेर्लिताला वाटलं, माझेच आकडे गेले. तिने डबा ठेवला, मी कशीबशी टेकले, चिन्ह उमटलं. ती चुलीकडे वळली. आमची जमीन बांबूच्या पट्ट्यांची. तिच्या पहिल्याच पावलाला मी सुटले. ती जवळ येऊन उभी राहिली की टेकत होते, चालली की सुटत होते. दुपारभर तेच. मला ओरडता येत नाही.

संध्याकाळी होडीवर निघताना दास्योंगने विचारलं, “चिन्ह दिसतंय ना?”

“दिसतंय.”

“मग बांध.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वादळाची खबर आली. पेर्लिताने सासऱ्यांच्या फोनवरून निरोप पाठवले, एकामागून एक. फोन लागत नव्हता. बाकीच्या होड्या परतल्या. त्यातला एकजण सांगत होता, त्याने लांबून हात केला, तर दास्योंगने गळ्यातली पिशवी उचलून दाखवली. वाजली नाही, हवा चांगली.

तिसऱ्या दिवशी त्याचा देह किनाऱ्याला लागला. गळ्यात पिशवी होती, गाठ पेर्लिताचीच. आत पाण्याचा थेंब गेला नव्हता.

आलिंग साबेलने घरी येऊन सुईने फोनचं तोंड कोरलं. कणी तिच्या नखावर आली. तिने मला लावलं. झिजल्या आकड्यांनी मी कशीतरी पकड घेतली. टक्.

थोड्या वेळाने फोन वाजू लागला. थांबेचना. ‘परत या.’ ‘कुठे आहात?’ ‘ताताय विचारतायत.’ ‘परत या.’ पेर्लिता ऐकत बसली होती. फोन बंद करायला कोणाचा हात धजला नाही.

आता माझे आकडे पुरते गेलेत. आलिंग साबेलने दिलेली नवी पिन खिळ्याला तशीच टांगलेली आहे. तुमच्या घरी असं होऊ देऊ नका. चिन्हावर जाऊ नका, टक् ऐका. नाही ऐकू आलं तर फोनच्या तोंडात उजेड धरून बघा, आणि मी झिजले असेन तर मला खुशाल फेका. त्यासाठीच मला बनवलंय.

पेर्लिता काही मला फेकत नाही. रोज दुपारी वीज आली की ती फोनला मला लावते, वर डबा ठेवते, आणि जमीन हलू नये म्हणून फोन भरेपर्यंत जागची उठत नाही.