रुसून उठणाऱ्यांच्या तारखा

झाडीपट्टीच्या रंगभूमीचा इतिहास जेव्हा केव्हा लिहिला जाईल तेव्हा त्याचे दोनच कालखंड पडतील, एक साधनाने बुकिंगचा कॉम्प्युटर प्रोग्राम लिहिण्याआधीचा आणि दुसरा त्यानंतरचा, असं मुखरूभाऊंनी वडशातल्या आपल्या नाटक कंपनीच्या ऑफिसात उभं राहून जाहीर केलं. ऐकायला फक्त सुगंधाबाई होत्या. त्यांनी चहाचा कप टेबलावर ठेवला आणि शर्ट उलटा घातला आहे, एवढं नवऱ्याच्या ध्यानात आणून दिलं.

भाऊंनी शर्ट सुलटा केला, मत बदललं नाही. त्यांची एकुलती एक लेक साधना पुण्याची नोकरी सोडून दसऱ्याला घरी आली होती. बुकिंगचा पहिला दिवस आपल्या प्रोग्रामवर नीट गेला तर इथंच राहून कंपनीचं ऑफिस सांभाळीन, नाहीतर पुण्याला दुसरी नोकरी पाहीन, असं तिने सांगून टाकलं होतं. लेकीने राहावं असं भाऊंना फार वाटत होतं. पण बापाने असं तोंडाने बोलायचं नसतं, म्हणून त्यांनी तिच्यासाठी ऑफिसात चाकांची फिरती खुर्ची विकत आणली आणि पुण्यातसुद्धा अशी खुर्ची नसते असं गल्लीभर सांगितलं.

बुकिंगच्या दिवशी सकाळी साधना लॅपटॉप उघडून बसली आणि गावोगावच्या मंडळांची माणसं आली. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली किंवा शंकरपटाला बैल पळाले की रात्री नाटक हवंच, आणि त्यासाठी तारीख आजच धरायला हवी. आता झाडीत नाटक ठरवायची एक रीत आहे. भाव ऐकला की गावकऱ्याने दुखावल्यासारखं करायचं, गमछा झटकायचा आणि उठून समोरच्या पानठेल्यावर जायचं. मग थोड्या वेळाने, सहज इकडून चाललो होतो अशा चेहऱ्याने परत यायचं. न रुसता ठरवलेल्या नाटकाला गावात किंमत नसते. आणि माणसाला रुसवून उठवण्यात मुखरूभाऊंचा हात धरणारा वडशात कोणी नव्हता. लेकीचा दिवस गाजला पाहिजे, म्हणून त्या सकाळी त्यांनी आपली सगळी कला पणाला लावली.

दुपारी साधनाचे हात थांबले.

"काय झालं, माय?"

"सगळ्या चांगल्या तारखा अडकल्या, बाबा. परत आलेल्याले बी मशीन म्हणते, जागा नाई."

"बुकिंग किती झाले?"

"एक बी नाई."

भाऊंनी वाकून स्क्रीनकडे पाहिलं, जणू तारखा तिथे कुठेतरी लपून बसल्या असाव्यात. साधनाने लॅपटॉप अर्धा मिटला. "राहू द्या. तारखा लिहायचा आपला जुना फळाच बरा होता. मी पुण्याले फोन करतो."

मुखरूभाऊ तिच्या खुर्चीजवळ सरकले. काहीतरी बोलायला हवं होतं, पण सुचलं ते भलतंच. "जेवून घे पहिले."

साधना जेवली नाही. ती दाराबाहेर पाहत होती. पानठेल्यावर निम्मी झाडीपट्टी रुसून उभी होती. "बाबा, हे लोकं मधातूनच उठून काऊन जातात?"

"मंग काय भाव आयकून हार घालतीन?"

साधना एकदम हसली आणि तिने लॅपटॉप उघडला. "माही चूक आहे. गिऱ्हाईक बसला की प्रोग्राम तारखेले कुलूप लावते, म्हंजे दुसऱ्यानं नेऊ नये. कुलूप काढायची ओळ मी सगळ्यात शेवटी लिहिली, बुकिंग पक्कं झाल्यावर. माणूस मधात उठला की प्रोग्राम मधातूनच परत फिरते, शेवटच्या ओळीपर्यंत पोचतच नाई. पुण्यात रूमवर तपासलं तेव्हा सगळ्या मैत्रिणी शेवटपर्यंत बसल्या होत्या."

"चांगल्या घरच्या पोरी असतीन."

"आता ते कुलूप 'यूजिंग' नावाच्या कंसात टाकतो. मंग कंसातून कोणी कसा बी बाहेर पडो, हसत, रुसत, भांडत, कुलूप आपोआप निघते."

तिने लिहिलं, आणि कोणी नुसताच गप्प बसून राहिला तर तारीख सुटावी म्हणून एक टायमरही लावला. तर लगेच स्क्रीनवर लाल रेघ आली.

"आता मशीन काऊन रागावलं?"

"वरतं पाहा. दुसऱ्याईनं लिहून ठेवलेल्या तयार कोडचे गठ्ठे आहेत हे. कधी लागले तर, म्हून सगळेच मागवून ठेवले मी. दोन गठ्ठ्याईत टायमर नावाचा एकेक जण निघाला. मशीन विचारते, कोणता टायमर?"

इथे मात्र भाऊंना सगळं समजलं. कधी लागलं तर म्हणून तेही प्रत्येक गावाला नाटकाच्या कपड्यांच्या सगळ्या पेट्या नेत. मागच्या हंगामात अंधारात भलत्याच पेटीत हात गेला आणि सरपंच झालेला नट रावणाचा मुकुट घालून ग्रामसभेत शिरला. नाटक कौटुंबिक होतं.

"मंग नको ते गठ्ठे उतरव ना खाली," ते म्हणाले.

साधनाने न लागणारे गठ्ठे पुसले. लाल रेघ गेली, तारखा सुटल्या.

पहिले आत आले चिखलटोल्याचे पोचूभाऊ. मंडईची तारीख पाहिली, भाव ऐकला, आणि रीतीप्रमाणे गमछा झटकला. "मुखरूभाऊ, तुमच्या नाटकात काय सोन्याचे पडदे आहेत? चाललो मी."

ते पानठेल्यावर पोचले आणि त्यांच्या तारखेचं कुलूप निघालं. दारात उभ्या असलेल्या शेजारगावच्या झिंगूने तीच तारीख मागितली, भाव ऐकून मान डोलावली आणि बुकिंग करून टाकलं.

पोचूभाऊ सहज इकडून चालल्यासारखे परत आले. "बरं, लिहा मंग आमचं नाव."

"तारीख गेली, काका," साधना म्हणाली. "तुम्ही उठले, ती सुटली."

"अवो, मी रुसलो होतो. गेलो थोडीच होतो."

"मशीनले रुसनं समजत नाई, काका. त्याले उठनं समजते."

पोचूभाऊंनी मुखरूभाऊंकडे पाहिलं. भाऊ छताकडे पाहत होते. शेवटी पोचूभाऊंनी दुसऱ्या दिवसाची तारीख घेतली, आणि पावतीवर शिक्का बसेपर्यंत खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले. ही बातमी पानठेल्यावर पोचली. मग जो बसला तो उठेना. भाव कानात गेला की माणसं नुसता सुस्कारा टाकत आणि हो म्हणत. दिवस मावळायच्या आत हंगाम भरला. मुखरूभाऊ कोपऱ्यात रिकामे बसून होते. त्यांची उभ्या आयुष्याची कला त्यांच्या डोळ्यांदेखत बुडाली होती, आणि इतकं सुख त्यांना कधी वाटलं नव्हतं.

सगळे गेल्यावर ते साधनाच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. घसा साफ केला. पोस्टरवर मॅनेजर म्हणून तिचं नाव हिरोपेक्षा मोठ्या अक्षरात टाकू, वडसा ते सिरोंचा अशी कंपनी नेऊ, असं बरंच काही बोलायचं मनात होतं. निघालं एवढंच.

"मंग, फोन करतं का पुण्याले?"

"नाई करत. राहतो मी इथीच," साधना म्हणाली. तिने मागे वळून बापाच्या सुपारी-तंबाखूने माखलेल्या बोटांकडे पाहिलं. "पन बाबा, खर्रा घोटलेल्या हातानं माऊसले हात नका लावत जाऊ."